गाणं कुणाचं, गल्ला कुणाचा?

(नागपुरात तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



आजच्या बैठकीपुढं विषय एकच आहे. अत्याचाराच्या खटल्यांसाठी निधी उभा करायचा आणि त्यासाठी मुंबईहून एखादा मोठा नाववाला गायक आणून तिकीट लावून कार्यक्रम घ्यायचा. मागं फळ्यावर कुणीतरी खडूनं ‘स्टार नाइट’ लिहूनही ठेवलंय. मला बोलायला सांगितलं तेव्हा दोन-चार पोट्टे आपसात कुजबुजले, दादा आता विरोध करणार. नाही बाप्पा. मी विरोध करायला उभा नाही. चळवळीला पैसा लागतो. नुसत्या निष्ठेवर कोर्टात टायपिंग होत नाही, साक्षीदाराला एस.टी.त फुकट बसू देत नाहीत.

माझं म्हणणं वेगळं आहे. गाण्याच्या रात्री सगळे स्टेजकडं पाहतात. गल्ल्याकडं कोण पाहतो? आणि सकाळी मांडव सुटल्यावर त्या गल्ल्याचा हिशेब कोण कुणाला देतो? एवढ्याच प्रश्नावर मी बोलणार आहे. कारण महाराष्ट्रात हा प्रयोग आपल्याआधी होऊन गेलाय. फार मोठा झालाय. त्याचा शेवट काय झाला हे तुम्हाला माहीत पाहिजे.

१ नोव्हेंबर १९९६. मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकेल जॅक्सनचा कार्यक्रम झाला. भारतात त्यानं केलेला तो एकमेव मोठा कार्यक्रम. राज्यात तेव्हा शिवसेना-भाजपचं सरकार, मनोहर जोशी मुख्यमंत्री. विझक्राफ्ट नावाची कंपनी आयोजन करत होती, आणि लाभ जाणार होता शिव उद्योग सेनेला. तिचे प्रमुख राज ठाकरे. हेतू काय सांगितला? मराठी बेरोजगार तरुणांना रोजगार. म्हणजे ऐका नीट, जगातला सगळ्यात मोठा पॉप गायक नाचणार, आणि त्याच्या नाचातून परळ-लालबागच्या, वऱ्हाड-खानदेशच्या पोराच्या हाताला काम लागणार!

त्या काळात मी विशीत होतो. आमच्या वस्तीतल्या पोरांच्या खिशात रोजगार नोंदणीची कार्डं असायची, कडा मळलेली. मुंबईच्या गिरण्यांचा १९८२ चा संप होऊन चौदा वर्षं उलटली होती. इथं नागपुरात १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलचा भोंगा केविलवाणा झाला होता. तेव्हा रोजगार हा शब्द कुणीही उच्चारला तरी कान टवकारायचे. यात पोरांना हसण्यासारखं काही नाही. ज्याचं पोट रिकामं, त्याला आश्वासन लवकर ऐकू येतं.

आता मायकेल जॅक्सन कोण होता ते पहा. इंडियाना राज्यातलं गॅरी हे पोलादाच्या कारखान्यांचं गाव. बाप पोलाद कारखान्यात क्रेन चालवणारा. लहानशा घरात भावंडांचा ढीग. काळ्या कामगाराचं पोरगं. त्याच्या गळ्यात आणि पायात जे होतं ते त्याच्या एकट्याचं नव्हतं. कापसाच्या मळ्यांत राबलेल्या, चर्चमध्ये रडलेल्या, शहराच्या झोपडपट्टीत तगलेल्या पिढ्यांचं ते धन होतं. म्हणून मी त्याला परका म्हणत नाही. आपण ‘पँथर’ हे नाव कुठून घेतलं? १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडमध्ये काळ्या पोरांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली, १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नात्यानं पाहिलं तर हा काळा गायक आपल्या चुलतघरचा.

आणि हा चुलतभाऊ गाऊन गेला कुणाच्या मांडवात? मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देऊ नका म्हणून ज्यांनी दंड थोपटले त्यांच्या. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या दंगलीत पँथरच्या पोरांसमोर जे उभे होते त्यांच्या. त्या दिवसांत आपला भागवत जाधव मारला गेला, हे मायकेलला कोण सांगणार? त्याला नामांतर ठाऊक नव्हतं, वरळी ठाऊक नव्हती. त्याचा दोष मी काढत नाही. मी एवढंच म्हणतो की गाणं कितीही शोषितांच्या घरातून आलेलं असो, गल्ल्यावर जो बसतो तो गाण्याचा अर्थ ठरवतो. काळ्यांच्या दुःखातून उगवलेला आवाज भाड्यानं घेता येतो आणि त्यावर कुठलीही पाटी लावता येते. तेव्हा ‘आपला कलावंत आहे’ एवढ्यावर खूश होऊन चालत नाही.

आता पैशाची गोष्ट. तिच्यात खरी मजा आहे.

आपल्या राज्यात करमणूक कराचा कायदा होता, १९२३ चा, इंग्रजांच्या काळातला. सिनेमा, सर्कस, तमाशा, जलसा, तिकीट लावलं की सरकारला कर. कार्यक्रम धर्मादाय हेतूचा असेल तर सरकार हा कर माफ करू शकत होतं. जॅक्सनच्या कार्यक्रमाला सरकारनं ही माफी दिली. म्हणजे सत्तेत जो पक्ष, त्याच पक्षाच्या कुटुंबातली संघटना, आणि माफीचा कागद काढणारा हातही घरचाच. मुंबई ग्राहक पंचायतीनं उच्च न्यायालयात धाव घेतली. कोर्टाच्या हुकमानं कराची रक्कम बाजूला जमा राहिली. सव्वातीन कोटींच्या वर. खटला चालला, चालला, चालतच राहिला. २०११ साली उच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारनं डोकं न लावता माफी दिली, निर्णय रद्द, पुन्हा विचार करा.

आणि पुन्हा विचार कधी झाला? जानेवारी २०२१ मध्ये. मंत्रिमंडळानं ठराव केला: कर माफ. तेव्हा मुख्यमंत्री उद्धव ठाकरे, आणि सोबतीला कोण, तर काँग्रेस आणि राष्ट्रवादी. पैसे परत कुणाला? आयोजक कंपनीला. जॅक्सन २००९ मध्ये मेला. करमणूक कर स्वतः २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर गेला. सरकारं आली, गेली, एकमेकांत मिसळली. राज ठाकरे शिवसेनेतून बाहेर पडले, त्यांनी २००६ मध्ये वेगळा पक्ष काढला. फाइल मात्र जिवंत राहिली.

पंचवीस वर्षं भांडण चाललं ते कराच्या रकमेचं. भांडणात तीन पक्ष: सरकार, कंपनी, ग्राहक पंचायत. ज्याच्या नावानं सगळा खेळ मांडला, तो बेरोजगार पोरगा त्या भांडणात कुठंच नाही. त्याचं नाव तिकिटावर होतं, हिशेबात नव्हतं. हे वाक्य ध्यानात ठेवा. मदतीच्या कार्यक्रमाची खरी परीक्षा इथंच असते. ज्याच्यासाठी पैसा गोळा केला, त्याला उठून ‘माझं काय झालं’ असं विचारायची जागा आहे की नाही?

कुणी म्हणेल, हे शिवसेनेचं झालं, ते तसेच. नाही. हा रोग एका पक्षाचा नाही. शंभर वर्षं मागं चला. जुलै १९२१. मुंबईत ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, त्या काळचे दोन सगळ्यात मोठे स्टार, एकमेकांचे स्पर्धक, एका रंगमंचावर. आजच्या भाषेत ‘मेगा इव्हेंट’. कशासाठी? टिळक स्वराज्य फंडासाठी. मराठी रंगभूमीच्या इतिहासात त्या रात्रीचं वर्णन फार गहिवरून करतात. कोण कुठल्या भूमिकेत, कुठल्या पदाला टाळ्या पडल्या, सगळं आहे. फंडाचं पुढं काय झालं, ते त्या वर्णनात नसतं.

ते कुणी लिहिलं? बाबासाहेबांनी. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं, या १९४५ च्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी टिळक स्वराज्य फंडाचा ताळेबंदच उलगडून ठेवलाय. जमा झाले जवळपास १ कोटी ३० लाख. आणि बार्डोलीच्या कार्यक्रमात अस्पृश्योद्धाराचा गाजावाजा केल्यावर त्यातून अस्पृश्यांच्या वाट्याला आले किती? ४३ हजार आणि वर काहीशे रुपये. शेकड्याला अर्धा रुपयासुद्धा नाही. बाबासाहेबांनी शिव्या दिल्या नाहीत, आकडे दिले. अर्थशास्त्राचा डॉक्टर होता आपला बाप. त्याला माहीत होतं की भाषणात सगळे आपले मित्र असतात, वहीत मात्र खरं काय ते कळतं. दोस्तहो, आपल्याला वारसा मिळालाय तो असा. आपण हिशेब विचारणाऱ्याचे वारस आहोत. मग आपण हिशेब देणारेही असलो पाहिजे.

जगात काय झालं तेही पाहू. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये पंडित रविशंकर आणि बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मैफल केली. हेतू शंभर टक्के शुद्ध. तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला गेले. पण रेकॉर्ड आणि सिनेमातून आलेला मोठा पैसा अमेरिकेच्या कर खात्यात वर्षानुवर्षं अडकला. का? कार्यक्रमाआधी धर्मादाय संस्थेची कागदपत्रं नीट केली नव्हती म्हणून. निर्वासिताची भूक थांबत नाही, फाइल थांबते. म्हणजे चोर नसला तरी पैसा अडतो. नुसतं मन साफ असून भागत नाही, कागद साफ लागतो.

आणि एक नीट झालेली गोष्ट सांगतो. हॅरी बेलाफाँटे. काळा गायक, घराघरात पोचलेला स्टार. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यात विद्यार्थी कार्यकर्ते काळ्यांची नावं मतदार यादीत घालत होते. तिघांचे खून झाले होते. पोरांना तिथं टिकून राहायला पैसा हवा होता. त्यांनी बेलाफाँटेला निरोप धाडला. त्यानं ७० हजार डॉलर जमवले, नटमित्र सिडनी पॉटिएला सोबत घेतलं आणि रोकड बॅगेत भरून दोघं स्वतः ग्रीनवुडला गेले. विमानतळावरून निघाले तर क्लू क्लक्स क्लॅनच्या गाड्या मागं लागल्या. बॅग कार्यकर्त्यांच्या हातात पडली.

फरक दिसतो का? तिथं आधी गरज ठरली, मग मागणी झाली, मग कलावंत आला. पैसा मधल्या कुठल्या साहेबाकडं न थांबता थेट लढणाऱ्यांच्या हातात गेला. अंधेरीत आधी स्टार आला, मग हेतू चिकटवला. हाच बेलाफाँटे पुढं १९८५ मध्ये इथिओपियाच्या दुष्काळासाठी गायकांना एकत्र आणायच्या कल्पनेमागं होता, आणि ते गाणं लिहिणाऱ्या दोघांतला एक होता मायकेल जॅक्सन. कलावंत तोच असतो. मांडव बदलला की गोष्ट बदलते.

आता परत मुंबईत या, अंधेरीच्या त्या रात्रीनंतर आठ महिन्यांनी. ११ जुलै १९९७. घाटकोपरचं रमाबाई नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला, लोक रस्त्यावर आले, राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या. १० माणसं गेली. सरकार तेच, ज्यानं मराठी तरुणाच्या कळवळ्यानं कर माफ केला होता. गोळी खाणारे मराठी नव्हते का रे? त्यांना रोजगार नको होता का? त्याच आठवड्यात विलास घोगरे या आपल्या शाहिरानं गळफास घेतला. झोपडपट्टीत राहणारा, चळवळीची गाणी गात आयुष्य काढलेला माणूस. त्याच्यासाठी कुणी क्रीडा संकुल घेतलं नव्हतं.

आणि इथं माझं बोट आपल्याकडंही वळतं. आपण आपल्या गायकांचं काय केलं? आंबेडकरी जलसा ही चळवळीची पहिली शाळा. भीमराव कर्डकांचे जलसे खेड्यापाड्यांत फिरले तेव्हा ना माईक होता ना मानधन. वामनदादा कर्डकांनी २००४ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, गावोगाव गाऊन माणसं जागी केली. आपल्या नागपुरात नागोराव पाटणकरांची कव्वाली ऐकत आमची पिढी उभी राहिली. ११ नोव्हेंबर १९७९ ला दीक्षाभूमीवरून नामांतराचा लाँग मार्च औरंगाबादकडं निघाला तेव्हा पायांना बळ कशानं दिलं? गाण्यानं आणि घोषणांनी. अन् आपण या लोकांना काय देतो? शाल, नारळ, आणि पहाटे अडीचला ‘दादा, अजून एक होऊ द्या’. त्यांनी मागितलं तर म्हणतो, हे मिशन आहे, मिशनमध्ये पैसा कसला मागता! मुंबईचा स्टार मात्र ॲडव्हान्स घेतल्याशिवाय विमानात बसत नाही, आणि ते आपल्याला रास्त वाटतं.

काहून? आपल्या माणसाचा घाम फुकट आणि बाहेरच्याचा रोकडा, हा हिशेब कुणी शिकवला? हीच तर वेठबिगारी. गावात महारकी फुकट राबवून घेत होते, आपण शाहिरी फुकट राबवून घेतो. माझं म्हणणं हे भांडण म्हणून घेऊ नका, प्रस्ताव म्हणून घ्या.

तर खटल्यांच्या निधीकडं येतो. आपल्याला पैसा नेमका कशाला पाहिजे? खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६. भंडाऱ्याच्या कोर्टाचा निकाल २००८ मध्ये, नागपूर खंडपीठाचा २०१० मध्ये, पुढं सर्वोच्च न्यायालय. भैयालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये गेले, तेव्हाही प्रकरण दिल्लीतच होतं. कार्यक्रम एका रात्रीचा असतो, खटला दहा-बारा वर्षांचा. एका रात्रीच्या गल्ल्यावर बारा वर्षांचा खटला चालत नाही. त्याला दर महिन्याला थोडं थोडं लागतं. साक्षीदाराचं भाडं, बुडालेली मजुरी, झेरॉक्स, वकिलाचा ज्युनिअर.

शिवाय अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे १९९५ चे नियम वाचा. पीडित आणि साक्षीदार यांना प्रवासखर्च, दैनिक भत्ता, निर्वाह खर्च देणं ही सरकारची जबाबदारी आहे, अकराव्या नियमात लिहिलंय. जे सरकारनं द्यायचं ते आपण तिकीट विकून भरणार का? आधी एकेका खटल्यात अर्ज टाकून ते वसूल करायचं. जिथं सरकार हात वर करील तिथं आपला निधी. नाहीतर आपली वर्गणी म्हणजे सरकारला दिलेली सूट होईल. तिथं जॅक्सनच्या कंपनीला करमाफी, इथं आपण सरकारला जबाबदारीची माफी. असला धंदा नको.

म्हणून माझ्या सूचना सांगतो, लिहून घ्या.

पहिली: कुठल्या खटल्यांना, किती रुपये, किती महिने, हे आधी कागदावर ठरवा. आकडा ठरल्याशिवाय कुठल्याही कलावंताला फोन करायचा नाही.

दुसरी: स्टेजवर मंत्री, आमदार, बिल्डर, कुणी नको. करमाफी, मैदानमाफी, मेहरबानी कुठलीच नको. ज्याची मेहरबानी घ्याल त्याचा फोटो तुमच्या पोस्टरवर येईल, आणि उद्या आरोपी त्याच्या गटातला निघाला की खटला थंडा पडेल.

तिसरी: आधी आपल्या जिल्ह्यातले शाहीर, कव्वाल, गायिका. त्यांना ठरलेलं मानधन, पावतीसह. त्यांनी ते स्वखुशीनं निधीत परत दिलं तर त्यांचा मोठेपणा, पण पाकीट आधी त्यांच्या हातात पडलं पाहिजे. मोठा गायक आला तर आनंद आहे, पण तो याच रांगेत बसेल.

चौथी: तिकीट एवढंच, की घरकाम करणारी बाई आणि रिक्षावाला पहिल्या रांगेत बसू शकेल. आपली माणसं पैसे देत नाहीत, हे खोटं आहे. दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलपुढची गर्दी पहा. मजुरीच्या पैशातून पुस्तक विकत घेणारी ही जमात आहे. तिला स्टारच्या आमिषाची गरज नाही, विश्वासाची आहे.

पाचवी, आणि सगळ्यात महत्त्वाची: पैशाची वही वस्तीतल्या बायांच्या हातात. कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांच्या आत जमाखर्च विहाराच्या भिंतीवर लावायचा, रुपयापैशासह. आणि त्या दिवशी ज्यांच्यासाठी निधी गोळा केला त्या कुटुंबांना समोर बसवायचं. त्यांनी विचारायचं, आपण उत्तर द्यायचं. ते विचारतील ते कडू असेल, तरी ऐकून घ्यायचं.

या पाच गोष्टी मान्य असतील तर गायक कुठलाही आणा, मी स्वतः सतरंज्या उचलायला येतो. मान्य नसतील तर फळ्यावरची ती ‘स्टार नाइट’ पुसून टाका. त्यापेक्षा घरामागं महिन्याला दहा रुपयांची वर्गणी बरी. तिचा आवाज होत नाही, पण ती बारा वर्षं टिकते.

चर्चा करा, माझं खोडून काढा, पण आज ठराव केल्याशिवाय उठू नका.

जयभीम.